पाटीवरचं सगळं बंद

मोशीत सकाळी फिरायला निघालेल्या कुणालाही विचारा, अंबुबाईची रसाची गाडी कुठं लागते, तो चालता चालता हात करून दाखवेल. बागेच्या फाटकासमोर, सहाच्या ठोक्याला. गाडीवर नळ बसवलेले सात स्टीलचे डबे. आवळा, कारलं, कोहळा, बीट, गव्हांकुर, तुळस-आलं आणि सगळ्यात कडेला गुळवेल. गुळवेल प्यायला येणारा माणूस तोंड वाकडं करतच येतो, तोंड वाकडं करतच जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. गाडीच्या वर हिरवी पाटी. तिच्यावर लाल अक्षरांत 'प्रतिकारशक्ती वाढवा, दवाखाना टाळा' आणि खाली चित्रांसकट एकवीस नावं. लिंबू, हळद, लसूण, शेवगा, तीळ, मध, काय म्हणाल ते. रस सात आणि नावं एकवीस कशी, असं कुणी विचारलं की अंबुबाई म्हणायच्या, "बाकीचं घरी जाऊन खावा की, समदं मीच पाजू व्हय?"

इंद्रायणीच्या अंगाला त्यांच्या नवऱ्याचं, दत्तोबाचं, चार एकर रान होतं. तिथं आता अकरा मजली इमारती आहेत. ज्या वाफ्यात अंबुबाईंनी मेथी खुडली तिथं पोहायचा तलाव आहे आणि आत शिरायला ओळखपत्र लागतं. राहिलं दोन गुंठे. त्यात घर, एक कडुनिंब आणि निंबावर चढलेली गुळवेल. करोनाच्या साली त्या वेलीचा काढा अंबुबाईंनी अख्ख्या आळीला पातेली भरभरून पाजला. कोण कशानं वाचलं हे देवाला ठाऊक, पण वाचलेला प्रत्येक जण अंबुबाईंच्या पाया पडला. तेव्हापासून गाडी लागली आणि मुलानं, रणजीतनं, पाटी करून दिली.

आणि मग व्हायचं तेच झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सगळ्या गावाचा दवाखाना टाळणाऱ्या बाईचा नवरा दवाखान्यात गेला. दत्तोबा चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं फिटर. रक्तदाब होता, गोळी चालू कर म्हणून कंपनीचा डॉक्टर कानीकपाळी ओरडत होता, पण "मला काय धाड भरलीय" हे दत्तोबाचं ठरलेलं उत्तर. धाड भरली ती दोन्ही किडन्यांना. दीड वर्ष आठवड्यातून दोनदा डायलिसिस झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, कुणाची तरी किडनी बसवा. रणजीत पुढं झाला तर अंबुबाईंनी त्याला मागं ओढलं. "तुझा संसार आत्ता उभा राह्यलाय. तू बस गप." लग्नात त्यांच्या पत्रिकेत जेमतेम अठरा गुण जुळले होते, रक्तगट मात्र पहिल्या फटक्यात जुळला. गणपती उठले आणि त्याच आठवड्यात दोघांची ऑपरेशनं झाली.

इथवर सगळं सरळ होतं. बाईंनी दिली, बुवांनी घेतली, ती चालली. घोळ पुढंच आहे.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. "मावशी, माणसाच्या अंगात पहारेकरी असतात. बाहेरचं काही आत शिरलं की ते तुटून पडतात. तुमची किडनी त्यांना बाहेरचीच वाटते. म्हणून या गोळ्या. सकाळी आठ, रात्री आठ. पहारेकऱ्यांना जरा पेंगत ठेवायचं."

"कुठवर?" अंबुबाईंनी विचारलं. "वळख पटस्तोवर ना?"

"ओळख पटत नाही, मावशी. गोळ्या जन्मभर."

अंबुबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "चौतीस वर्सं झाली सायेब आमच्या लग्नाला." हे मधेच काय, ते डॉक्टरांना समजलं नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. पण बाईंच्या छातीत ते रुतलं ते रुतलंच. नवी नवरी होती तेव्हा सासू म्हणायची, परक्याची पोर. ठीक आहे, तेव्हा होत्या परक्या. पण चौतीस वर्षं नांदून, काळजाजवळचा तुकडा काढून दिल्यावरसुद्धा या माणसाच्या अंगानं म्हणावं, तू कोण?

आहाराचा कागद इंग्रजीत होता. तो सूनबाईनं, तेजस्विनीनं, वाचून दाखवला. रणजीत आणि ती तळेगावला राहतात, दोघांच्या नोकऱ्या, त्यामुळं ती घाईत होती. पहिलीच ओळ तिनं वाचली, "प्रतिकारशक्ती वाढवणारे पदार्थ आणि काढे घेऊ नयेत." त्याखाली आणखी पंधरा ओळी होत्या आणि तेजस्विनीनं त्या सगळ्या वाचल्या, तिच्यावर बोट ठेवू नका. पण अंबुबाईंच्या कानात पहिल्या ओळीपुढचं काही शिरलंच नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर आपली हिरवी पाटी उभी राहिली. एकवीस नावं, चित्रांसकट.

आता तुम्हीच सांगा, बाईंचं काय चुकलं? कुठला पदार्थ प्रतिकारशक्ती वाढवतो हे मोशीत त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी घरी येऊन पाटीवरचं सगळं बंद केलं. हळदीचा डबा माळ्यावर गेला. लसूण, आलं, लिंबू, शेवगा, सगळ्यांना रजा. भाजी पांढरीफटक व्हायला लागली. दत्तोबानं पहिला घास घेतला आणि ताटाकडं बघत राहिला.

"आगं, हे काय?"

"तुमच्यासाठीच हाय. खावा."

एवढ्यावरच भागलं असतं तर निभावलं असतं. पण फाटकापाशी शेखरराव होते ना! शेखरराव म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, पांढरे बूट घालून रोज पाच फेऱ्या मारणारे आणि फिरायला येणाऱ्या चाळीस जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवणारे गृहस्थ. रोज पहाटे त्यांचा मेसेज पडायचा. वर उगवता सूर्य, खाली एक पदार्थ आणि 'रोगप्रतिकारशक्तीचा खजिना'. एके काळी या मेसेजांवर अंबुबाईंची गाडी चालायची. दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा गाडी लावली आणि तेव्हापासून प्रत्येक मेसेज घरातलं एक भांडं पालथं घालायला लागला. अंडी गेली. दही गेलं. मग मूग, मग शेंगदाणे. बाजरीचा खजिना आला त्या दिवशी बाईंना घेरीच आली, कारण ऐन थंडीत दत्तोबाला भाकरी नाही तर द्यायचं काय? तरी त्यांनी मन घट्ट केलं आणि बाजरीचं पीठ शेजारणीला देऊन टाकलं. तूप गेलं तेव्हा मात्र त्या रडल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला जुळवून जुळवून मेसेज वाचता यायचे हेच मुळात वाईट झालं.

उरलं काय? भात, साबुदाणा, उकडलेला दुधी आणि बिस्कीट. मग एका मंगळवारी शेखररावांनी दुधीवरही सूर्य उगववला.

अंबुबाईंचं डोकं गरगरायला लागलं. जगात असा एक पदार्थ नव्हता जो कुठलीतरी शक्ती वाढवत नाही. गाडीवर उभ्या राहून त्या लोकांना म्हणायच्या, "घ्या, ताकद येती," आणि घरी जाऊन नवऱ्यापुढं अशी थाळी ठेवायच्या की ताकद चुकूनसुद्धा येऊ नये. एका तोंडानं वाढवा, दुसऱ्या तोंडानं उतरवा. सकाळी खरं बोलतो की दुपारी, हे त्यांचं त्यांनाच कळेना. आणि स्वतःही तेच खायच्या. एका घरात दोन सैपाक करायचे आणि आपण भाकरी मोडताना ह्यांनी बघत बसायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं.

जानेवारीत शेवटचा घाव बसला. मेसेज आला, 'सकाळी कोमट पाणी प्या, प्रतिकारशक्ती दुप्पट.' अंबुबाईंनी फोन खाली ठेवला. आता पाणीसुद्धा? दत्तोबाला थंडीत पाणी कोमट करूनच लागायचं, दात ठणकायचे त्याचे. त्यांनी पाणी उकळलं, पूर्ण गार होऊ दिलं आणि मगच तांब्या भरून दिला. दत्तोबानं दोन घोट घेतले आणि तांब्या सारून ठेवला. असं दोन आठवडे चाललं.

दत्तोबाचं वजन एकसष्ट होतं ते बावन्नवर आलं. तो तक्रार करत नव्हता, हीच तर गंमत. कंपनीत असताना डब्यातल्या मिठावरून रुसणारा माणूस, पण आता मुकाट जेवायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. भावकीतला रंगराव पारावर बोलला, "वयनीनं किडनी दिली आन् आता जेवाया देईना." ते दत्तोबाच्या कानावर आलं. अंबुबाईंच्या नाही.

महिन्याच्या तपासणीला दोघं हॉस्पिटलात गेले. किडनी कशी चालली आहे ते एका आकड्यावरून कळायचं. तो इतके दिवस एक पूर्णांक दोनवर होता. त्या दिवशी एक पूर्णांक नऊ निघाला. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. "पहारेकरी जागे झाले असतील अशी शंका आहे," ते म्हणाले. "आजच अ‍ॅडमिट व्हा. आकडा उतरला नाही तर परवा सुई घालून किडनीचा तुकडा तपासू. आणि काय खाताय ते आधी आहारवाल्या मॅडमना सांगून या."

बाहेर बाकड्यावर अंबुबाई मटकन बसल्या. कुठलं राहिलं होतं बंद करायचं? चार महिने हळदीचा कण लागू दिला नव्हता त्यांनी. आपला तुकडा आत मरतोय की काय या भीतीनं त्यांचा हात कुशीवरच्या टाक्यांवर गेला.

शेजारी दत्तोबा बसला होता. जमिनीकडं बघत तो म्हणाला, "अंबू, खरं सांग. तुला ती परत पायजे व्हय?"

"काय?"

"पस्तावा झालाय तुला. मला कळतंय. घरी आल्यापास्नं तू मला एक दिस पोटभर वाढलं न्हाईस. मी म्हनलं, दिली बिचारीनं, आता मनातनं उतरलो आसंन. मागायला तोंड न्हाई मला."

अंबुबाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या की समोरच्या बाकड्यावरचे चार जण वळले. "आवो, डोकं फिरलं का काय तुमचं! मी तिला जपतीय! तुमचे ते मेले पहारेकरी उठू न्हाईत म्हनून चार म्हैने मी तूप न्हाई वाढलं, माझा जीव तीळ तीळ तुटला, आन् तुमी म्हनताय परत पायजे?" आणि पदर तोंडाला लावून त्या हुंदके द्यायला लागल्या. चार महिने एका छपराखाली राहून दोघं दोन वेगळ्या घरांत जेवत होते म्हणायचं.

आहारवाल्या मॅडमचं नाव मोनिका. तिशीची पोरगी, पण ऐकून घेणारी. अंबुबाईंनी डोळे पुसले आणि ताठ मानेनं हिशेब दिला. हळद न्हाई, लसूण न्हाई, अंडं, दही, मूग, बाजरी, तूप, कायबी न्हाई. मोनिकाचं पेन लिहिता लिहिता थांबलं.

"मावशी, मग खातात काय?"

"भात. साबुदाना. बिस्कुट."

"आणि पाणी किती पितात?"

"गार पानी ह्यांना चालत न्हाई. कोमट म्या बंद केलंय," अंबुबाई म्हणाल्या आणि फोन काढून शेखररावांचा मेसेज दाखवला.

मोनिकानं तो वाचला. हसू की रडू असं तिच्या तोंडावर झालं. तिनं ताबडतोब डॉक्टरांना फोन लावला. "सर, पेशंट पाणीच पीत नाहीये." मग ती उठली, दत्तोबाचं वजन करून झाल्यावर तिनं अंबुबाईंनाही काट्यावर उभं केलं. ऑपरेशनच्या वेळेपेक्षा सहा किलो कमी. "तुमची एकच किडनी उरलीय मावशी आणि तुम्हीपण साबुदाणा खाताय? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"माझ्या पाटीनं," अंबुबाई म्हणाल्या.

मोनिकानं पाटीचा फोटो मागितला आणि फोनवरच बोटानं खुणा करायला लागली. गुळवेल बंद, ती खरंच पहारेकऱ्यांना उठवते. गव्हांकुर बंद. कच्चा रस कुठलाच नको, त्यातून जंतू जातात आणि ह्यांचे पहारेकरी पेंगत असल्यामुळं ते अडवायला कुणी नाही. पपनस पाटीवर नव्हतं, तरी ते तिनं वेगळं सांगितलं, त्यानं गोळीचा जोर बदलतो. बाकी धुऊन, शिजवून सगळं. भाजीतली हळद चालेल, चमचे भरभरून वेगळी नको. अंडं पूर्ण उकडलेलं. दही घरचं, दूध नीट उकळून लावलेलं. बाजरीची भाकरी, मुगाची आमटी, तूप बेतानं. आणि पाणी कोमट, गरम, कसं का असेना, पण प्यायचं.

"पन मग," अंबुबाईंना आता रागच आला, "खान्यानं परतिकारशक्ती वाढती का न्हाई वाढती? एक काय ते सांगा."

"चांगलं खाल्लं की अंग नीट चालतं, मावशी. पण लसणाची चटणी खाल्ली म्हणून पहारेकरी काठी घेऊन धावत सुटत नाहीत. त्यांना पेंगत ठेवायचं काम गोळीचं. माणूस उभा ठेवायचं काम तुमचं."

"म्हंजी वाढती पन आन् न्हाई पन."

"तसंच समजा."

अंबुबाईंना काडीचंही समजलं नाही, पण पोरीनं बाजरी परत दिली होती, तेवढं पुरे होतं.

दत्तोबाला सलाईन लागलं. ते दोन दिवस अंबुबाईंनी कसे काढले ते विचारू नका. दर तासाला कोमट पाण्याचा पेला त्याच्या तोंडाशी धरायच्या आणि मनात त्या आतल्या तुकड्याला म्हणायच्या, पी गं बाई, पी. तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा आला. एक पूर्णांक तीन. पहारेकरी उठले नव्हते, तहान लागली होती फक्त. सुई टळली आणि संध्याकाळी दोघं घरी आले.

दुसऱ्या दिवशी गाडीवर पाटी तीच होती, पण खाली एक पुठ्ठा बांधलेला होता. त्यावर अंबुबाईंच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'ज्यांना गोळ्या चालू हायत त्यांनी आदी डॉक्टरला इचारा.' शेखररावांनी तो वाचला आणि म्हणाले, "मावशी, यानं तुमचं गिऱ्हाईक तुटेल."

"तुटू द्या. आन् शेखरराव, उद्यापास्नं नुसता सूर्य धाडत जा."

त्या संध्याकाळी घरात बऱ्याच महिन्यांनी फोडणीचा वास सुटला. माळ्यावरनं हळदीचा डबा उतरला होता. अंबुबाईंनी शेवग्याची आमटी केली, दोन अंडी उकडून सोलून ठेवली, भाकरीचं पीठ परातीत काढलं. जेवायला गोळीनंतर तासभर थांबायचं होतं, तरी दत्तोबा चुलीजवळच्या पाटावर आधीच येऊन बसला होता. लहान पोरागत तो आमटीकडं बघत होता.

पीठ मळता मळता अंबुबाईंच्या मनातलं ते जुनं बाहेर आलं. "येक इचारू? मॅडम म्हनली, खान्याचा दोस न्हवता. पन डॉक्टर म्हनले तेबी खरंच की. तुमचं अंग मला परकीच समजतंय. चौतीस वर्सांनी. जलमभर समजनार."

तेवढ्यात दत्तोबाच्या फोनवर आठची घंटी वाजली. कंपनीतल्या सवयीनं तो तिला भोंगा म्हणायचा. त्यानं कोनाड्यातली डबी घेतली, गोळी तळहातावर काढली आणि कोमट पाण्याचा पेला उचलला.

"अंगाला कळत न्हाई गं," तो म्हणाला. "मला कळतंय." आणि त्यानं गोळी गिळली.

अंबुबाईंनी पिठाचा हात तसाच डोळ्याला लावला. मग तवा ठेवला.